वाघाची मागची बाजू



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फ्रेंच कलेतली पौर्वात्यवादी ब्राँझशिल्पं’. तो वाचून मला दोन फोन आले. एकाने विचारलं, हे नेमकं कोणत्या खात्यात मोडतं? दुसरे संयोजकांपैकी होते. म्हणाले, सर, आपल्या लोकांना जवळचं असं काहीतरी घ्या ना. मी म्हटलं, वाघावरच बोलणार आहे. तेव्हा ते म्हणाले, मग हरकत नाही, वाघ आमच्या जवळचाच आहे. कधी कधी तर फारच जवळ येतो.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी चित्रकलेचे शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की ते आम्हाला शाळेमागच्या वावरात न्यायचे. तिथं बाभळीखाली बैल बांधलेला असायचा. आम्ही पोरं साहजिकच त्याच्या तोंडासमोर फतकल मारायचो, कारण शिंगं, डोळे, वशिंड सगळं तिकडून दिसतं. गुरुजी एकेकाचा कान धरून उठवायचे आणि बैलाच्या मागे नेऊन बसवायचे. “पुढून सगळेच काढतात. दोन शिंगं काढली की बैल झाला असं वाटतं लोकांना. मागून काढ, मग कळेल तुला बैल कळला का.” मागून बैल म्हणजे दोन खुबे, शेपटीचं मूळ, एका पायावर टाकलेला भार आणि माश्या. काढता येत नसे. त्या वेळी मला ती शिक्षा वाटायची. पुढे शिल्पकलेचा अभ्यास केला तेव्हा ध्यानात आलं, की युरोपाने पूर्वेची जी शिल्पं केली त्यांच्याबद्दल विचारण्यासारखा मुख्य प्रश्न गुरुजींनी बाभळीखालीच विचारून ठेवला होता.

‘पौर्वात्यवाद’ हा शब्द जड आहे, तो एकदाच नीट सांगतो आणि बाजूला ठेवतो. १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जियर्स घेतलं. या तीस-बत्तीस वर्षांत फ्रान्सच्या चित्रकारांना आणि वाचकांना पूर्वेचं वेड लागलं. पूर्व म्हणजे मोरोक्कोपासून बंगालपर्यंत काहीही: उंट, पगडी, जनानखाना, वाघ, गारुडी. १९७८ मध्ये एडवर्ड सैद यांनी ‘ओरिएंटॅलिझम’ हे पुस्तक लिहून दाखवून दिलं, की ही पूर्व बरीचशी पश्चिमेने आपल्या सोयीने बनवलेली होती, आणि ती बनवणं हा राज्य करण्याचाच एक भाग होता. त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जेरोम या फ्रेंच चित्रकाराचा ‘गारुडी’ होता. अंगाभोवती अजगर गुंडाळलेला उघडा मुलगा, समोर भिंतीला टेकून बसलेली मंडळी, मागे निळ्या फरशा. फरशा तुर्की राजवाड्यातल्या धर्तीच्या, गारुडी इजिप्तचा, आणि सगळं मिळून कुठलंच नाही.

या चित्रात मुलगा आपल्याला पाठमोरा दिसतो. त्याचा चेहरा कसा आहे, हे जेरोमला ठरवावं लागलंच नाही. चित्रकाराला ही सूट असते. जे कॅनव्हासच्या पलीकडे आहे ते नसलं तरी भागतं. शिल्पकाराला ती सूट नाही. लोक त्याच्या कामाभोवती फिरतात. पुढून थाप मारलेली मागून उघडी पडते. म्हणून मला या विषयात चित्रांपेक्षा ब्राँझ जास्त खरं बोलतं असं वाटतं. खोटं बोलतं तेव्हाही ते उघड बोलतं.

आता वाघ.

आंत्वान-लुई बारी हा पॅरिसच्या सोनाराचा मुलगा. जन्म १७९५ चा. (आपल्याकडच्या पानमळेवाल्या बारी समाजाशी काही संबंध नाही, नावाचा योगायोग.) तरुणपणी तो एका सराफाकडे बारीक प्राणी घडवून द्यायचा, दागिन्यांवर आणि भांड्यांवर बसवायला. तो भारतात कधी आला नाही. पूर्वेकडे म्हणून कुठंच गेला नाही. त्याने वाघ पाहिला तो पॅरिसच्या ‘जार्दँ दे प्लांत’ या सरकारी बागेतल्या पिंजऱ्यात. राज्यक्रांतीनंतर राजेलोकांचे आणि जत्रेतल्या खेळवाल्यांचे प्राणी जप्त करून तिथं एक प्राणिसंग्रह केला होता. बारी तिथं रोज जायचा. त्याचा मित्र चित्रकार देलाक्रवा, तोही जायचा. जनावर जिवंत असेपर्यंत ते बघायचं, आणि मेलं की मापं घ्यायची. एकदा तिथला एक सिंह मेला तेव्हा देलाक्रवाने बारीला तातडीची चिठ्ठी पाठवून बोलावून घेतलं. कातडं सोललेल्या जनावरासमोर बसून दोघांनी चित्रं काढली. बारीच्या वह्यांमध्ये हाडांची लांबी, सांध्यांमधलं अंतर, पंजाची रुंदी असे आकडे चित्राच्या कडेला लिहिलेले आहेत. शिंप्याची वही असावी तसे.

१८३१ च्या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, ज्याला ते ‘सालों’ म्हणत, त्याने एक शिल्प मांडलं: घडियालाला फाडणारा वाघ. ‘गंगेतली मगर’ असाही त्याचा उल्लेख होतो. घडियाल म्हणजे आपण ज्याला सुसर म्हणतो त्यातली लांब, निमुळत्या तोंडाची जात. नराच्या नाकावर घड्यासारखा फुगवटा असतो, त्यावरून ते नाव. फ्रेंच लोक त्याला ‘गाव्हियाल’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या शेवटी कुण्या निसर्गशास्त्रज्ञाने ‘र’ च्या जागी ‘व्ह’ वाचला आणि तीच चूक शास्त्रीय नावात कायम बसली, असं मानतात. तेव्हा शिल्पाच्या नावातच ऐकीव माहितीची गफलत आहे. पण शिल्प बघा. वाघाने अंग जमिनीला चिकटवलंय, पंजांखाली ते जनावर पिळवटून गेलंय. धातूला पट्टे नसतात, वाघाचा पिवळा रंग नसतो. तरी तो वाघ आहे हे खांद्यावरून कळतं. खाताना मांजरकुळातल्या जनावराचे खांदे डोक्याच्या वर येतात, ते तिथं आलेले आहेत.

त्या काळचे थोर शिल्पकार संगमरवरात देव-देवता करत होते. प्राणी म्हणजे किरकोळ काम. बारीने वाघाला देवाइतकी जागा दिली, म्हणून कुणी त्याला डोक्यावर घेतलं, कुणी नाक मुरडलं. लेखक गोतिए याने तर त्याला पशुशाळेतला मायकेलअँजेलो म्हटलं.

मला विचाराल तर बारीचा वाघ पूर्ण खरा नाही. तो पिंजऱ्यातला आहे. टिपेश्वरचं अभयारण्य इथून, आर्णीहून, फार लांब नाही. २०१९ साली तिथला एक तरणा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. सगळी मिळून सुमारे ३,००० किलोमीटर चाल झाली म्हणतात. वावरातून, नाल्यातून, पऱ्हाटीतून, माणसं झोपलेली असताना. असा चालणारा, माणूस टाळणारा वाघ बारीला ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याचा वाघ सतत कुणालातरी फाडत असतो. पॅरिसच्या गिऱ्हाइकालाही पूर्वेचा वाघ म्हणून तेवढाच हवा होता. आणि वाघाकडे लांबून बघणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला शिकवायची गरज नाही. २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातली टी-१ वाघीण मारली गेली. बाहेरच्या जगासाठी ती ‘अवनी’ होती, मेणबत्त्या लावण्याजोगी. तिथल्या गावांसाठी ती संध्याकाळी पाचनंतर घरात कोंडून घेण्याचं कारण होती. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना खोटं ठरवलं. त्या भांडणात वाघीण कुणी किती पाहिली होती, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

बारीचं श्रेय एवढंच, की जितका पाहिला तितका त्याने पूर्ण पाहिला. लूव्ह्रमध्ये मी त्या शिल्पाच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यावर येतो शेवटी.

आधी हे ओतलं कसं ते सांगायला हवं, कारण तिथं आपला थेट संबंध आहे.

ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. घरात तळपायाला घासायची काशाची वाटी असते ना, त्याच घराण्यातला धातू. फ्रान्समध्ये तोपर्यंत ब्राँझचे पुतळे वाळूच्या साच्यात तुकड्यातुकड्यांनी ओतत आणि मग जोडत, कानशीने घासून जोड लपवत. घासताना कलावंताच्या बोटांची खूण जायची. मेणाचा मूळ आकार करून, त्याला मातीने लिंपून, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा, ही जुनी रीत तिथं जवळजवळ विसरली गेली होती. ऑनोरे गोनाँ नावाच्या ओतकाम करणाऱ्याने ती पुन्हा हाती घेतली आणि बारीचा वाघ त्या रीतीने ओतला. पॅरिसमध्ये त्याचा मोठा गाजावाजा झाला.

आपल्याकडे ही रीत विसरली गेलीच नव्हती. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ केला. त्यात या कामाची सगळी कृती आहे: मेणाची मूर्ती, मातीचे थर, रस आत जायला नळ्या, मेण आधी तोलून घ्यायचं आणि त्यावरून धातू किती लागेल ते ठरवायचं. त्या रीतीला नाव मधूच्छिष्ट. मध खाऊन उरलेलं ते मधूच्छिष्ट, म्हणजे मेण. किती चोख शब्द आहे! विदर्भातल्या ओतारी लोकांनी हेच काम पिढ्यानपिढ्या केलं. कुणाच्या देवघरातला टाक, कुणाचा नंदी, गोंडांचे देव. गोनाँला पॅरिसमध्ये शाबासकी मिळाली ती ज्या कामासाठी, ते काम करणारा माणूस आपल्याकडे बाजाराच्या दिवशी पाराखाली भट्टी लावून बसत असे आणि आपण त्याच्याशी दहा-पाच रुपयांवरून घासाघीस करत असू. मीही केली आहे.

पुढे यंत्रं आली. आशिल कोला याने मोठ्या शिल्पाची हुबेहूब लहान प्रत कोरणारं यंत्र बनवलं, आणि फेर्दिनां बार्बेदिएन याच्या कारखान्यातून वाघ, सिंह, अरब घोडेस्वार डझनांनी निघू लागले. पॅरिसच्या वकिला-डॉक्टरांच्या घरी शेकोटीवरच्या फळीवर घड्याळ आणि त्याच्या दोन बाजूंना पूर्वेचं एकेक जनावर. बारी स्वतःही छापील दरपत्रक काढून आपली लहान शिल्पं विकायचा. त्याचा हिशेब कधी जमला नाही. १८४८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि कितीतरी वर्षं त्याचेच नमुने सावकाराच्या ताब्यात राहिले.

त्या दिवाळ्याच्या बऱ्याच आधी, १८३४ मध्ये, राजपुत्र ऑर्लेआंच्या ड्यूकने बारीला एक मोठं काम दिलं होतं: मेजवानीच्या टेबलावर मध्यभागी मांडायची नऊ शिल्पं, पैकी पाच शिकारीची. सगळ्यांच्या मधोमध वाघाची शिकार. हत्तीवर भारतीय शिकारी, खालून वर झेपावणारे वाघ. राजघराण्यातली माणसं जेवणार आणि त्यांच्या ताटांमध्ये आपला हत्ती. १८३७ च्या सालोंने ही शिल्पं नाकारली. परीक्षकांच्या मते ते सराफाचं काम, शिल्प नव्हे. ती ‘वाघाची शिकार’ आज अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. तिच्याकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. हत्तीच्या कातडीच्या सुरकुत्या पाहून केलेल्या आहेत, वाघ पाहून केलेले आहेत. वरची माणसं मात्र पोशाखावरून भारतीय समजायची. माणसं त्याला पाहायला मिळाली नव्हती, आणि ती तशीच गेली. न्यायाने हेही सांगतो, की त्याच संचात सिंहाच्या शिकारीला अरब आहेत आणि अस्वलाच्या शिकारीला जुन्या युरोपी पोशाखातले लोक. म्हणजे बारीने युरोपातल्या माणसालाही कपड्यांवरच भागवलं. माणूस हा त्याचा विषयच नव्हता.

माणूस ज्याचा विषय होता तो शार्ल कॉर्दिए.

कॉर्दिएची गोष्ट गुंतागुंतीची आहे, आणि मला ती आवडते. त्याला तरुणपणी सैद अब्दल्ला नावाचा सुदानकडचा माणूस भेटला. पूर्वी गुलाम होता, सुटला होता, पॅरिसमध्ये चित्रकार-शिल्पकारांसमोर मॉडेल म्हणून बसायचा. कॉर्दिएने त्याचा अर्धपुतळा केला आणि १८४८ च्या सालोंमध्ये मांडला, त्याच्या नावानिशी आणि त्याच्या टोळी-मुलखाच्या उल्लेखासह. त्याच वर्षी फ्रान्सने आपल्या वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली. पुतळा गाजला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातून व्हिक्टोरिया राणीने त्याची ब्राँझ प्रत घेतली. पुढे कॉर्दिए सरकारी खर्चाने अल्जीरियाला गेला, तिथल्या खाणीतला रंगीत ऑनिक्स दगड आणला, आणि ब्राँझचा चेहरा, दगडाचा झगा अशी झळझळीत शिल्पं करू लागला. पॅरिसच्या मानववंशशास्त्रज्ञांच्या सभेपुढे त्याने ठासून सांगितलं, की सौंदर्य ही एकाच वंशाची मिरास नाही, प्रत्येकाचं आपापलं आहे. त्या काळात हे म्हणायला धमक लागत होती.

आणि तरीही. हे पुतळे सरकारने विकत घेतले ते निसर्गेतिहासाच्या संग्रहालयासाठी. ज्या संस्थेच्या बागेत बारी वाघाची मापं घेत होता, तीच संस्था. तिथं ते कुणा एका माणसाचे पुतळे राहिले नाहीत, वंशांचे नमुने झाले. सैद अब्दल्लाच्या पुतळ्यावरचं नाव पुढे गळालं आणि ‘टिंबक्टूचा निग्रो’ असं म्हणू लागले. तो दारफुरचा, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या अंगाचा; टिंबक्टू पश्चिमेला. यवतमाळच्या माणसाचा पुतळा करून खाली ‘काबूलचा इसम’ लिहिण्यातला प्रकार. २०१९ मध्ये पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाने कृष्णवर्णीय मॉडेलांवर एक प्रदर्शन भरवलं आणि जिथं जिथं सापडलं तिथं शिल्प-चित्रांच्या शीर्षकात त्या माणसांची नावं परत घातली. पावणेदोनशे वर्षांनी.

आता जरा आपल्या इतिहासात या.

फ्रान्सच्या पूर्वेला, आल्प्सच्या पायथ्याशी, शांबेरी नावाचं गाव आहे. तिथल्या मुख्य चौकात एक कारंजं आहे, १८३८ चं. उंच खांब, वर एक सेनापती, आणि खाली चार दिशांना चार ओतीव हत्ती, सोंडेतून पाणी सोडणारे. शिल्पकार पिएर-व्हिक्टर सापे, ग्रेनोबलचा. हत्ती का? कारण वर उभा असलेला सेनापती म्हणजे आपला डिबॉइन! महादजी शिंद्यांचा डिबॉइन. १७५१ मध्ये शांबेरीत जन्मलेला, १७८४ पासून महादजींच्या चाकरीत. पाटण, मेडता या १७९० च्या लढाया त्याच्या कवायती पलटणींनी मारल्या. १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यानंतर थोड्याच काळात डिबॉइन चाकरी सोडून युरोपात परतला, अफाट पैसा घेऊन. तो पैसा उत्तर हिंदुस्थानातल्या जहागिरीच्या वसुलीचा, म्हणजे शेवटी कुठल्यातरी रयतेच्या शेतसाऱ्याचा. त्यातून शांबेरीत दवाखाने झाले, रस्ता झाला, आणि मेल्यावर गावाने कृतज्ञतेने कारंजं उभारलं. तेव्हा तो मुलूख सार्डिनियाच्या राज्यात होता, १८६० मध्ये फ्रान्सला जोडला गेला.

या हत्तींची गंमत अशी, की ते पुढून पूर्ण आहेत. कपाळ, सुळे, सोंड, पुढचे दोन पाय. मागचा भाग नाहीच. चौघांचीही अंगं खांबाच्या बुंध्यात शिरलेली आहेत. शांबेरीचे लोक त्यांना प्रेमाने जे म्हणतात त्याचं सभ्य मराठी होत नाही. ‘चार बिनढुंगणाचे’ एवढंच म्हणता येईल. गुरुजी असते तर त्यांनी त्या सापेचा कान धरला असता.

मी हसतोय, पण मला ते कारंजं म्हणजे या सगळ्या प्रकरणाची खूण वाटते. मराठी इतिहासाचा एक मोठा तुकडा तिथं चौकात उभा आहे. हत्ती म्हणून दिसतो, पाण्याचा आवाज करतो. त्या हत्तींच्या मागे कोण होतं हे तिथं दिसत नाही. पानिपतानंतर तीस वर्षांत उत्तर पुन्हा पायाखाली घालणारे महादजी नाहीत, पलटणींमधले पोटासाठी भरती झालेले शिपाई नाहीत. १७९३ ची लाखेरीची लढाई तर मराठ्यांनीच मराठ्यांशी केलेली. डिबॉइनने शिंद्यांच्या बाजूने होळकरांच्या नव्या कवायती पलटणी मोडून काढल्या.

होळकरांचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे. आता जरा गुरू-शिष्यांची साखळी सांगतो.

दिवाळं निघालेल्या बारीला १८५४ मध्ये त्याच निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात प्राणिचित्रणाचा शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. वर्ग तळघरासारख्या खोलीत. विद्यार्थ्यांत एक ऑग्युस्त रोदँ होता. जुने कपडे, खिन्न चेहरा, गरीब शाळामास्तर असावा तसा बारी दिसायचा, अशी आठवण रोदँने पुढे सांगितली आहे. तेव्हा त्याला या मास्तराची किंमत कळली नव्हती, नंतर कळली. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर गुरुजींशिवाय दुसरं कुणी आलं नाही.

हा रोदँ पुढे जगातला सगळ्यांत मोठा शिल्पकार ठरला. म्हातारपणी त्याच्याकडे मद्रासच्या संग्रहालयातल्या नटराजाचे फोटो आले, गोलुबेव्ह नावाच्या एका रशियन अभ्यासकाकडून. तो त्या फोटोंसमोर तासन्‌तास बसला आणि त्याने एक निबंध लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर १९२१ मध्ये छापला गेला. रोदँही भारतात आला नव्हता. पण त्या निबंधात तो आपल्या ब्राँझकडे विचित्र, भयानक देव म्हणून बघत नाही. ओठ कसे वळलेत, पायातला डौल कुठून उगवतो, सावली कुठं पडते हे बघतो. एक ओतकाम जाणणारा माणूस दुसऱ्याचं काम बघतो तसं. तिकीट काढून गेलं म्हणजे दिसतंच असं नाही, आणि घरी बसलं म्हणजे दिसत नाही असंही नाही.

रोदँच्या कारखान्यात १९०७ मध्ये रुमानियाचा एक तरुण थोडे दिवस राहिला आणि बाहेर पडला. कॉन्स्तांतिन ब्रांकुशी. त्याने प्राण्याचं, पक्ष्याचं सगळं वरचं काढून टाकलं. पिसं, चोच, डोळे, पंख. उरलं ते उडणं. ‘अवकाशातला पक्षी’ म्हणून त्याने केलेली शिल्पं उभी, निमुळती, आरशासारखी घासलेली. एक ब्राँझ पक्षी १९२६ मध्ये अमेरिकेत उतरला तेव्हा कस्टमवाल्यांनी त्याला शिल्प मानायला नकार दिला आणि स्वयंपाकघरातल्या-दवाखान्यातल्या धातूच्या सामानाचा ४० टक्के कर लावला. ब्रांकुशी कोर्टात गेला, १९२८ मध्ये जिंकला. त्या कस्टमवाल्याला मी पूर्ण दोष देत नाही. काशाच्या वाटीशी त्याचं नातं आहेच.

या ब्रांकुशीचे तीन पक्षी एकाच माणसाने घेतले: एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. तो माणूस म्हणजे इंदूरचे महाराज, दुसरे यशवंतराव होळकर. जन्म १९०८. इंग्लंडात शिकलेले. इंदूरला त्यांनी माणिकबाग हा राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून बांधून घेतला, आणि कलेच्या बाबतीत पॅरिसमधले लेखक आंरी-पिएर रोशे त्यांचे सल्लागार. चित्रकार बुते द मोन्व्हेलने त्यांची दोन चित्रं काढली, १९२९ चं विलायती पोशाखातलं आणि १९३४ चं पांढऱ्या मराठी पोशाखातलं. दोन्हींत माणूस एकच, शांत, लांब बोटांचा. कपडा बदलला म्हणून माणूस बदलत नाही, हे त्या चित्रकाराला कळलं होतं. बारीला आपल्या हत्तीवरच्या माणसांबद्दल कळलं नव्हतं ते हेच.

होळकरांनी ब्रांकुशीला इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायला सांगितलं. पाण्याचं चौकोनी तळं, त्याभोवती तिन्ही पक्षी, आणि वरच्या झरोक्यातून ऊन येऊन ब्राँझच्या पक्ष्यावर पडेल अशी योजना होती म्हणतात. १९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे गेल्या. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी बोटीने निघून इंदूरला आला. महाराज भेटायच्या, बांधकाम काढायच्या मनःस्थितीत नव्हते. काही दिवस राहून तो परत गेला. मंदिर झालं नाही. पक्षी पुढे विकले गेले: ब्राँझचा कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे, संगमरवरी दोन ऑस्ट्रेलियात कॅनबेराला.

लाखेरीला होळकरांच्या पलटणी मोडणाऱ्याच्या नावाने फ्रान्सच्या चौकात हत्ती उभे राहिले, आणि शंभरेक वर्षांनी एक होळकर पॅरिसमध्ये गिऱ्हाईक म्हणून नव्या काळचं ब्राँझ निवडत होता. यात पुन्हा कुठल्या रयतेचा पैसा होता, हा प्रश्न शांबेरीला विचारला तसा इंदूरलाही विचारायला हवा. मी फक्त एवढं बघतो, की या वेळी पूर्वेकडचा माणूस शिल्पाचा विषय नव्हता. तो शिल्पाभोवती फिरून बघणारा होता. आणि त्या पक्ष्याला पुढची-मागची बाजूच नाही.

वेळ झाला, अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. एकच शेवटची स्लाईड आहे, ती दाखवतो. दिवे लावू नका अजून.

हा मी लूव्ह्रमध्ये मोबाईलवर काढलेला फोटो. थोडा हललाय. बारीचा १८३१ चा वाघ, मागून. इथं बघा, मागच्या पायांच्या घोट्यावर आलेला ताण, मांडीचा स्नायू, आणि शेपटीचं मूळ, जिथं गुरुजी नेहमी लाल पेन्सिल मारायचे. मला हे बरोबर वाटतं. पण मी वाघ पिंजऱ्यात आणि जिप्सीतूनच पाहिलाय. मागच्या रांगेतल्या पोरांनो, पुढे या. आणि जागलीला जाणाऱ्यांपैकी ज्यांनी वाघ पाठमोरा जाताना पाहिलाय, त्यांनी जवळ येऊन सांगावं, मागचा डावा पाय असाच पडतो का.